शिंजीर आणि देवराई

तांबडी सुर्ल येथील महादेवाच्या दर्शनास गेलेला माणूस बहुधा दगड पाहून परततो. यात त्याचा दोष नाही. कदंबांच्या अमदानीत, इसवी सनाच्या बाराव्या-तेराव्या शतकात, उभे राहिलेले ते काळ्या दगडाचे देऊळ गोमंतकातील अतिप्राचीन देवळांपैकी एक होय. आणि घाटाच्या पायथ्याशी, वस्तीपासून इतक्या दूर, ते कोणी व कशासाठी बांधले असावे या विचारात मन एवढे गुंतते की भोवतालच्या झाडांकडे पाहण्यास सवड उरत नाही. आम्हीही पहिल्या दोन-तीन खेपांस असेच दगड पाहून आलो. पुढे एकदा पौषात, देवळाच्या आवाराबाहेर सावलीत बसलो असता, जवळच्या झाडावरील बांडगुळात एक ठिणगीएवढी हालचाल दिसली. शेजारी एक सद्गृहस्थ सहकुटुंब आले होते. त्यांनी आपल्या कन्येस मोठ्या हौसेने सांगितले, "तो बघ, हमिंगबर्ड!"

ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की ती प्रथम दूर केलेली बरी. हमिंगबर्ड हा पक्षी अमेरिका खंडांबाहेर कोठेही नाही. त्याचे जवळचे नाते पाकोळीशी आहे. आपल्याकडे फुलांतील मध पिणारा जो चिमुकला पक्षी, तो शिंजीर, म्हणजेच सूर्यपक्षी. त्याचे कूळ आफ्रिका, आशिया व ऑस्ट्रेलिया या खंडांत पसरलेले असून त्याच्या जाती दीडशेच्या आसपास आहेत. हमिंगबर्ड हवेत एका जागी स्थिर राहून मध पितो; शिंजीर क्वचित क्षणभर तसे करतो, पण त्याची नित्याची रीत फांदीवर बसून, प्रसंगी उलटे लोंबकळून, चोच फुलात घालण्याची. दोघांचे रूप इतके सारखे झाले ते दोघांचा धंदा एक म्हणून. रक्ताचे नाते त्यात काही नाही.

इंदूर, ग्वाल्हेर किंवा बडोदे येथील वाचकांच्या अंगणात जो काळानिळा शिंजीर येतो, तो कोरड्या मुलखात सुखाने राहणारा जांभळा शिंजीर. कोकणातील व गोव्यातील घराच्या ओसरीजवळ, तारेला किंवा वेलीच्या टोकाला, कोळ्याच्या जाळ्याचे तंतू लावून लोंबते घरटे बांधणारा आणि आरशातील आपल्याच प्रतिमेशी भांडणारा जो पिवळ्या पोटाचा, तो दुसरा. आम्हांस ज्याच्याविषयी लिहावयाचे आहे तो तिसरा, आणि या तिघांत सर्वांत लहान. लांबी आठ सेंटिमीटर, तीतच चोच आली. वजन पाच ग्रॅमच्या आसपास. एका तोळ्यात असे दोन पक्षी बसावेत. नराचा माथा धातूसारखा झगझगीत हिरवा, पाठ गडद किरमिजी, गळा गुलाबी-जांभळा, छातीवर तांबडा पट्टा आणि त्याखाली पोट पिवळे. मादी वरून शेवाळी, खालून फिकट पिवळी. तिची ओळख पटते ती पुठ्ठ्यावरच्या तांबूस डागाने. विणीचा हंगाम सरला की नरही आपली भरजरी वस्त्रे उतरवून बराचसा मादीसारखा होतो, फक्त पाठीचा तांबडेपणा थोडा मागे राहतो. ओसरीवरला पिवळ्या पोटाचा शिंजीर असे करीत नाही, तो बारा महिने सणाच्या कपड्यांतच असतो.

या किरमिजी पाठीच्या शिंजिराचे सारे जग म्हणजे सह्याद्री. महाराष्ट्रापासून केरळपर्यंतची डोंगराची ओळ आणि तिच्या पायथ्याची ओलसर राने, एवढाच त्याचा मुलूख. पृथ्वीच्या पाठीवर अन्यत्र तो नाही. त्या मुलखातही तो एका जागी बसून राहत नाही. जेथे फुले उमलतील तेथे, कधी वर तर कधी खाली, सरकत राहतो.

त्याला शास्त्रात नाव मिळाले ती हकीकत आम्हांस, वकिली पेशामुळे असेल, फार मनोरंजक वाटते. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारच्या लष्करातील अधिकारी. १८१७ च्या खडकीच्या लढाईत तो पेशव्यांच्या विरुद्ध बाजूस होता. पेशवाई बुडाल्यावर मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने १८२४ साली त्याला दख्खनच्या आकडेवारीच्या कामावर नेमले. नव्याने हाती आलेल्या मुलखात माणसे किती, विहिरी किती, पिके कोणती, जमिनी कोणत्या हक्काने धारण केल्या जातात, हे सर्व मोजून लिहून काढावयाचे होते. पुणे, अहमदनगर, खानदेश व धारवाड हे चार जिल्हे त्याच्याकडे होते. आजचे बेळगाव तेव्हा धारवाडातच मोडत असे. दख्खनच्या जमीनधारणेवरील त्याचा निबंध १८३५ साली प्रसिद्ध झाला, आणि मिरासदार व उपरी यांचे हक्क समजून घेण्यास तो आजही चाळावासा वाटतो.

हा मनुष्य विहिरी मोजता मोजता पक्षीही मोजू लागला. १८३२ साली लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढे त्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी मांडली. तीत सव्वादोनशेहून अधिक पक्षी होते, आणि त्यांपैकी कित्येकांस शास्त्रीय नाव त्या यादीनेच प्रथम दिले. घाटातील रानात सापडलेल्या आमच्या या शिंजिराला त्याने 'मिनिमा' म्हटले. लॅटिनमध्ये याचा अर्थ सर्वांत लहान. आज त्याचे पूर्ण नाव लेप्टोकोमा मिनिमा असे आहे. पुढचा शब्द पंडितांनी अनेकदा बदलला, मागचा साइक्सचाच राहिला. त्याच यादीत सह्याद्रीचाच दुसरा एक शिंजीरही आहे. त्याला साइक्सने प्राणिशास्त्र मंडळाचे चिटणीस व्हिगॉर्स यांचे नाव दिले, आणि तो बिचारा आजतागायत आयुष्यात सह्याद्री न पाहिलेल्या एका साहेबाच्या नावाने ओळखला जातो. परंतु साइक्सचे सर्वच नामकरण असे नव्हते. एका चंडोलास त्याने 'देवा' आणि एका लहानशा वटवट्यास 'रामा' असे नाव दिले, व ही दोन्ही नावे शास्त्रात अद्याप चालू आहेत. पेशव्यांशी लढलेल्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने लंडनच्या सभेत रामाचे नाव एका पाखराला द्यावे, हा योग काही वाईट नाही.

साइक्सची यादी वाचताना आमच्या मनात मात्र एक प्रश्न वरचेवर येतो. त्याने पक्ष्याला रकाना दिला. ज्या रानात तो पक्षी होता त्या रानाला तसा रकाना महसुलाच्या दप्तरात कधी मिळाला नाही. पीक येते ती जमीन एक, पीक येत नाही ती दुसरी. पण गावाच्या वेशीवर, कधी देवळाच्या पाठीशी तर कधी पाणवठ्याच्या उगमाशी, जे रान गावाने देवाच्या नावे राखून ठेवलेले होते, जेथील वाळकी काटकी उचलण्यासही गाऱ्हाणे घालावे लागे, त्या देवराईला कोणत्या सदरात लिहावे हे कोणत्याच राज्याच्या दप्तराने ठरविले नाही. गोव्यात तर तेव्हा राज्य पोर्तुगीजांचे, दप्तर त्यांचे, भाषा त्यांची. तरी या बाबतीत दोन्ही दप्तरांची गत सारखीच. या रायांची पद्धतशीर शास्त्रीय पाहणी साइक्सनंतर सुमारे दीड शतकाने, १९७० च्या दशकात, माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी केली, तेव्हा पश्चिम घाटातील देवरायांचे महत्त्व सुशिक्षितांच्या ध्यानी आले. ज्या गावांनी त्या राखल्या त्यांना ते कोणी सांगावे लागले नव्हते.

आता शिंजिराचा आणि देवराईचा संबंध काय, तर तो बांडगुळापाशी आहे. बांडगूळ हा शब्द आपण शिवी म्हणून वापरतो. आंब्यावर ते दिसले की बागायतदार कोयता मागवितो, आणि त्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. दुसऱ्याच्या फांदीवर बिऱ्हाड करून त्याच्याच रसावर जगणारी ही वनस्पती. गोमंतकीय वकिलाच्या भाषेत सांगावयाचे तर झाडाचा मुंडकार. परंतु रानात तिचे काम मोठे आहे. इतर झाडे फुलत नाहीत अशा दिवसांतही कोणते ना कोणते बांडगूळ फुललेले असते, आणि मधावर जगणाऱ्या पाखराला तेच अन्नछत्र ठरते. सह्याद्रीतील बांडगुळांच्या कित्येक जातींचे परागीभवन आमच्या या लहानग्या शिंजिराकडून व त्याचा सोबती फुलटोच्या याजकडून होते. काही बांडगुळांची कळी तर आपण होऊन उमलतच नाही. पक्षी येऊन चोचीने तिचे टोक दाबतो, तेव्हा ती फट्‌कन उघडते आणि पराग त्याच्या तोंडावर उडतात. मग फुलटोच्या त्याची फळे खातो, आणि चिकट बी दुसऱ्या फांदीला पुसून टाकतो. झाले, नवे बिऱ्हाड. सलीम अली यांनी मुंबईच्या निसर्ग इतिहास मंडळाच्या नियतकालिकात १९३२ साली भारतातील मधभक्षी पक्षी व त्यांची फुले यांवर एक विस्तृत लेख लिहिला. पांगारा, पळस, सावर, मुरुडशेंग या आपल्या परिचयाच्या झाडांचे फळणे पाखरांच्या येण्याजाण्यावर किती अवलंबून आहे, हे त्या विषयाच्या वाचनाने प्रथम आमच्या ध्यानात आले.

हा व्यवहार कराराच्या कायद्यात तंतोतंत बसतो, असे आम्ही कधीकधी थट्टेने म्हणतो. फुलाने मध द्यावा, पक्ष्याने पराग वाहावा; प्रतिफल दोन्ही बाजूंनी पोहोचते. पण करार मोडणारेही असतातच. जास्वंदीसारख्या मोठ्या फुलाच्या तोंडातून मधापर्यंत चोच पोहोचत नाही, तेव्हा शिंजीर फुलाच्या बुडाला बाहेरून भोक पाडतो आणि मध पिऊन निघून जातो. परागाशी त्याचा स्पर्शही होत नाही. ही सरळ चोरी आहे. त्याची जीभ या कामासाठीच घडविलेली असावी तशी आहे: लांब, नळीसारखी, टोकाला दुभंगलेली. मात्र केवळ मधावर वंश चालत नाही. पिलांच्या वाढीस लागणारे सत्त्व मधात नसते, म्हणून आईबाप दोघेही दिवसभर कोळी व किडे टिपून आणतात. घरटे म्हणजे बारीक तंतूंची, शेवाळाची, कोळ्याच्या जाळ्याने बांधलेली मूठभर पिशवी. खालच्या थरातील एखाद्या झुडपाच्या लोंबत्या टोकाला ती टांगलेली असते. तीत दोन अंडी. वीण वर्षभर कधीही होऊ शकते, पण तिचा भर डिसेंबर ते मार्च या महिन्यांत असतो, म्हणजे आपल्या देवळांच्या जत्रांचा जो हंगाम तोच हिचाही.

यापुढचे लिहिणे आम्हांस थोडे जड जाते, पण तेच लिहिण्यासाठी लेखणी हाती घेतली आहे.

सुमारे बारा वर्षांपूर्वी एका देवस्थानचे महाजन आमच्याकडे सल्ल्यासाठी आले. गावाचे व देवाचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. जत्रेला माणूस मावेनासे झाले होते, पावसात लग्नकार्याची अडचण होत होती, म्हणून देवळाच्या डाव्या अंगास एक मंडप उभारावयाचा होता. त्यासाठी राईच्या तोंडाची नऊ झाडे काढावी लागणार होती. त्यांनी प्रथम देवाला कौल लावला होता आणि कौल उजवा आला होता. मगच ते वकिलाकडे आले. मंडळी सज्जन होती. त्यांनी कागद पुढे ठेवले. नमुना १ व १४ मध्ये कब्जेदार म्हणून देवस्थानचे नाव होते. भात, बागायत, जिरायत यांचे रकाने कोरे होते, आणि राईचे सर्व क्षेत्र एकाच रकान्यात लिहिलेले होते: पोटखराब.

आम्ही कायदा पाहिला. वृक्षतोडीस १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते; ती मिळण्यासारखी होती. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात असा आदेश दिला आहे की, जमीन कोणाचीही असो, शब्दकोशातील अर्थाने जे वन ते वनच मानावे. येथे आमची लेखणी क्षणभर थांबली. पण त्या आदेशानंतर गोव्यात खाजगी वन ओळखण्याचे जे निकष लावण्यात आले, त्यांत शेकडा ७५ वनवृक्ष व छायेची ठराविक घनता यांबरोबरच, क्षेत्र सरकारी वनास लागून तरी असावे अथवा निदान पाच हेक्टर तरी असावे, अशी अट होती. राई जेमतेम तीन एकरांची होती आणि तिच्या चारी बाजूंस कुळागरे. सबब ती वन ठरत नव्हती. आम्ही तसे मतपत्र लिहिले, त्यावर सही केली, आणि आपली फीही घेतली. कायद्याच्या दृष्टीने त्या मतात आम्हांस आजही चूक सापडत नाही.

माघ महिन्यात दर्शनाच्या निमित्ताने तेथे गेलो. झाडांवर चुन्याचे आकडे घातलेले होते. पाचव्या झाडाच्या बुंध्याशी वाढलेल्या झुडपाला एक पिशवी टांगलेली होती आणि तिच्या तोंडाशी शेवाळी रंगाची मादी एखादा किडा घेऊन येत-जात होती. नर वर बांडगुळात होता. उन्हात वळला की त्याची पाठ ताज्या कुंकवासारखी दिसे. देवळाचे वृद्ध गुरव शेजारी उभे होते. ते म्हणाले, "हें सुकणें देवाचे रायेंतलें, वकीलबाब. तें भायर रावना." आम्ही मान डोलावली, प्रसाद घेतला आणि घरी आलो. महाजनांस एक चिठ्ठी लिहिता आली असती, निदान चैत्रापर्यंत थांबा असे तरी सांगता आले असते. मतपत्र दिलेले होते, आणि दिलेल्या मतामागे जाऊन पुन्हा शंका उपस्थित करणे वकिलाला नको असते. खरे कारण एवढेच.

गुरवांचे म्हणणे अक्षरशः खरे नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. हा शिंजीर चरण्यासाठी बाहेर येतो. कुळागरांत येतो, मळ्यांत येतो, रानाजवळच्या बागेतही दिसतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तो चिंता करण्याजोग्या जातींत नाही, आणि त्या नऊ झाडांनी सह्याद्रीतील शिंजीर संपले असे कोणी म्हणू लागला तर आम्हीच त्याची उलटतपासणी घेऊ. पण घरट्यासाठी त्याला सावलीचा, ओलाव्याचा, खालपर्यंत झुडपांनी भरलेला रानाचा कोपरा लागतो, आणि तो कोपरा गावाजवळ उरला असेल तर बहुधा देवाच्याच नावावर उरलेला असतो. सत्तरीतील बांबरची निरंकाराची राई पाहावी. रानटी जायफळाच्या जातीची, चिखलातून गुडघ्यासारखी मुळे वर काढणारी झाडे तेथे गोड्या पाण्याच्या दलदलीत उभी आहेत. अशी दलदल सह्याद्रीतही आता फार थोड्या ठिकाणी राहिली आहे, आणि ती टिकली ती देवाचे भय होते म्हणून.

मंडप झाला. चांगला झाला आहे. गावास त्याचा उपयोग होतो, आम्ही स्वतः तेथे एका मुंजीस जेवलो आहो. पुढे जास्वंदीची रांग लावली आहे आणि तिच्यावर ओसरीवरला शिंजीर येतो. लहानगा, किरमिजी पाठीचा, राईच्या मागील अंगास अजून आहे. मंडपाच्या बाजूस मात्र त्यानंतर तीन वेगवेगळ्या वर्षी माघात जाऊन आम्ही पाहिले, तो दिसला नाही.

१८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील ओरण, म्हणजे तेथील देवराया, यांच्या बाबतीत निर्णय दिला. राज्याने त्यांची जमिनीवर जाऊन व उपग्रहाच्या साहाय्याने मोजणी करावी, त्यांना वन म्हणून नोंदवावे, आणि हे करताना क्षेत्र लहान की मोठे हे न पाहता त्यांचे सांस्कृतिक व पर्यावरणीय महत्त्व पाहावे, असे त्यात सांगितले आहे. वन्यजीव कायद्यातील समुदाय राखीव क्षेत्राची तरतूद त्यांना लावावी, असेही मत त्यात व्यक्त झाले असून, देशभरातील देवरायांसाठी केंद्राने धोरण आखावे अशी शिफारसही आहे. क्षेत्र लहान की मोठे हे पाहू नये, हे वाक्य वाचताना आम्हांस ते तीन एकर आठवले. निर्णयाचे आदेश राजस्थानास आहेत; गोव्यातील, सिंधुदुर्गातील किंवा खानापूर-जांबोटीकडील एखाद्या राईचे कागद त्याने आपोआप बदलत नाहीत. त्यासाठी गावानेच अर्ज करावा लागतो, आणि देवराई ही देवस्थानच्या कब्जात असेल तर महाजनांच्या ठरावाविना तो अर्ज पुढे सरकत नाही.

गेल्या वर्षी दुसऱ्या एका गावचे महाजन आले होते. त्यांना मंडप नको होता. शेजारच्या जमिनीचा व्यवहार झाल्याने राईची हद्द सरकेल अशी त्यांना धास्ती होती. आम्ही त्यांना सर्वसाधारण सभेत ठराव करावयास सांगितले, राईतील मोठ्या झाडांची नावे गावच्या जाणत्यांकडून लिहून घेतली, पाण्याचा झरा, वारूळ व देवाचे पाषाण नकाशावर दाखविले आणि पक्ष्यांच्या यादीत साइक्सच्या 'मिनिमा'चे नाव घातले. नमुना १ व १४ मधील शेऱ्याच्या रकान्यात 'देवराई' हा शब्द लिहावा, एवढीच अर्जातील मागणी आहे. अर्ज दाखल झाला आहे. सुनावणीची तारीख पडली की त्या गावच्या महाजनांबरोबर आम्हीही जाणार आहो. या कामाची फी घेतलेली नाही.